अनेक रडारचं एकच चित्र, तेही वेळेवर: कोल्हापुरातून नेहमी येणारे प्रश्न

जून लागला की फोन सुरू होतात, "रडार काय म्हणतंय?" म्हणून. माझ्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालते, ती हवामान खात्याच्या गोवा आणि मुंबईच्या पाऊस दाखवणाऱ्या रडारची चित्रं उचलते आणि एकाच नकाशावर बसवते, बास एवढंच. पण त्यावर तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की आता एकदाच लिहून टाकतो. अर्धे प्रश्न नुसतं चित्र बघणाऱ्यांचे आहेत, अर्धे स्वतः असलं काही करून बघणाऱ्या पोरांचे, सरमिसळ झालीय, तेवढं चालवून घ्या.

कंपोझिट म्हणजे काय, एकाच रडारचं चित्र बघितलं तर काय बिघडतं?

सगळ्या रडारची चित्रं एका नकाशावर, एका मापात, एका वेळेला आणून जोडायची, त्याला कंपोझिट म्हणतात, कोण मोझॅक पण म्हणतं. एक रडार म्हणजे एक माणूस गच्चीवर उभा राहून गाव बघतोय, जवळचं स्वच्छ दिसतं, लांबचं धूसर, आणि मधे मोठी बिल्डिंग आली की मागचं काहीच नाही. आपलं दुखणं असं की पणजीचं रडार कोल्हापूरपासून सरळ रेषेत साधारण १४० किमी आणि मुंबईचं कुलाब्याचं २८५ च्या वर. मुंबईचं २५० किमीचं चित्र घेतलंत तर ते कराडच्या थोडं पुढे येऊन संपतं, कोल्हापूर त्यात येतच नाही, ५०० किमीच्या लांब पल्ल्याच्या चित्रात तेवढं येतं. मग मुंबईचं घ्यायचंच कशाला, तर कोयनेसाठी, आणि घाटाच्या उत्तरेकडून काय सरकतंय ते कळायला.

अमेरिकेत हेच काम एमआरएमएस नावाची सिस्टिम करते, दीडशेच्या वर रडार, दर २ मिनिटांनी नवीन नकाशा, १ किमीच्या जाळीत. युरोपात ओपेरा म्हणून १९९९ पासून देशादेशांचे रडार एकत्र आणायचं काम चाललंय. आपल्याकडे एक लॅपटॉप आणि मी.

दर किती मिनिटांनी चालवायचं? दर मिनिटाला लावलं तर एकदम ताजं मिळेल ना?

नाही मिळणार. रडार म्हणजे कॅमेरा नव्हे, की बटण दाबलं आणि फोटो आला. अँटेना एका कोनात पूर्ण गोल फिरतो, मग थोडा वर उचलतो, परत गोल, असं करत करत आठ-दहा कोन झाले की एक व्हॉल्यूम स्कॅन पुरा होतो, त्याला साधारण १० मिनिटं धरा. मग त्याचं चित्र बनणार, सर्व्हरवर चढणार. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर ग्लास घेऊन तुम्ही कितीही घाई करा, म्हैस पान्हवल्याशिवाय धार लागत नाही. दर मिनिटाला स्क्रिप्ट लावलीत तर नऊ वेळा तेच चित्र येणार आणि वर समोरच्या सर्व्हरला फुकटचा त्रास, सगळ्यांनी असंच केलं तर पावसाच्या दिवसात, जेव्हा खरी गरज असते तेव्हाच तो झोपणार.

करायचं काय, तर पहिल्यांदा काहीच जोडू नका. एक आठवडा नुसतं बघत बसा की कुठल्या रडारचं चित्र घड्याळात किती वाजता बदलतं, आणि चित्रावर आत छापलेली वेळ आणि ते तुमच्या हातात आलं ती वेळ यात अंतर किती पडतं. दोन्ही रडारची सवय वेगळी असते. ते अंतर कळलं की शेड्यूल आपोआप ठरतं. मी पूर्ण दहाला लावत नाही, ७, १७, २७, ३७, ४७, ५७ अशा मिनिटांना लावतो. एक कारण म्हणजे तोवर चित्र आलेलं असतं, आणि दुसरं, दुनियेतले सगळे लोक ०० आणि ३० ला स्क्रिप्ट लावतात, त्या गर्दीत कशाला घुसायचं.

डाउनलोड करायच्या आधी सर्व्हरला नुसतं विचारता येतं, मागच्या वेळेपासून फाइल बदललीय का, नसेल बदलली तर तो दोन शब्दात "नाही" म्हणतो आणि विषय संपतो. ते वापरा. तरी फाइलचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुराचा ठसा, काढून मागच्याशी ताडून बघाच, कारण काही ठिकाणी फाइलची तारीख नवी असते आणि आत चित्र तेच जुनं.

चित्रावर १२:०० लिहिलंय, इथं तर साडेपाच वाजलेत. साडेपाच तास जुनं दाखवताय की काय?

हा प्रश्न दर जूनला, आणि दर वेळी नवीन माणूस. ती यूटीसी, म्हणजे जगभराची प्रमाण वेळ आहे, तिच्यात साडेपाच तास मिळवा की आपली वेळ आली. १२:०० यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. हवामान खात्याचा पावसाचा दिवससुद्धा सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा असतो, ते ८:३० लोकांना विचित्र वाटतं पण ते ०३:०० यूटीसी आहे, सरळ आकडा.

स्क्रिप्टवाल्यांनो, आत सगळीकडे यूटीसीच ठेवा, माणसाला दाखवताना फक्त शेवटच्या पायरीवर बदला. आणि तो अर्धा तास लक्षात असू दे. यूटीसीचा तास आपल्याकडे अर्ध्या तासाला सुरू होतो, म्हणजे तुम्ही "तासाभराचा पाऊस" आपल्या घड्याळाच्या ५ ते ६ असा काढलात आणि बाजूला खात्याचा आकडा ठेवलात तर तो तास वेगळा असणार आणि दोन्ही कधीच जुळणार नाहीत, मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

क्रॉन बरा की सिस्टिमडीचा टायमर?

दोन्ही लिनक्समध्ये ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवायची साधनं, दोन्ही चालतात. आमच्याकडं लाइट जाते म्हणून मी टायमरवर गेलो, त्याला सांगून ठेवलं तर मशीन परत चालू झाल्यावर चुकलेलं काम तो एकदा करून घेतो. क्रॉनला तसलं काही देणंघेणं नसतं, वेळ गेली तर गेली.

त्यापेक्षा या गोष्टींकडे बघा. नेट स्लो असलं की पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होते, मग दोघी एकाच फाइलवर लिहितात आणि चित्राचा खिमा होतो. म्हणून लॉक लावायचा, फ्लॉक नावाची कमांड याच्यासाठीच आहे, तिला -n सांगितलं की आधीची चालू असेल तर नवीन गप परत जाते. प्रत्येक डाउनलोडला टाइमआउट घाला, म्हणजे इतक्या वेळात आलं नाही तर सोडून द्यायचं, नाहीतर एक रडार अडकलं की बाकीचं सगळं त्याच्यापायी ताटकळतं. आणि तयार चित्र थेट जागेवर लिहू नका, बाजूला वेगळ्या नावाने पूर्ण लिहून मग नाव बदला, म्हणजे बघणाऱ्याला अर्धं चित्र कधीच दिसत नाही. मशीनचं घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवरून वेळ घेणाऱ्या सोयीने, जुळवून ठेवा, हे सांगायला लागू नये पण लागतं.

दोन रडारच्या वेळा जुळत नसतील तर कुठली वेळ धरायची?

खरी मेख इथं आहे.

समजा गोव्याचं चित्र ४:३० चं आहे आणि मुंबईचं ४:२० चं. तुम्ही ४:३७ ला दोन्ही जोडलीत आणि वर लिहिलंत ४:३७. म्हणजे चित्रातला एकही ढग ४:३७ चा नाही आणि तुम्ही मात्र तसं छापून मोकळे. ताशी ४० किमीने पळणारा ढग १० मिनिटांत साडेसहा किमीच्या पुढे जातो, म्हणजे शिरोली नाक्यावर दाखवलेला जवळजवळ रंकाळ्यावर आलेला असतो. दोन्ही रडारना दिसणाऱ्या पट्ट्यात तर तोच ढग दोन जागी दिसतो, जुळी भावंडं असल्यासारखा, आणि लोक विचारतात एवढे ढग आले कुठून.

माझा नियम असा, की कंपोझिटची एक नाममात्र वेळ ठरवायची, समजा ४:३०. प्रत्येक रडारचं त्या वेळेच्या सगळ्यात जवळचं चित्र घ्यायचं, नवीनातलं नवीन नाही, जवळचं. एखादं रडार उशिरा येत असेल तर त्याच्यासाठी ठराविक मिनिटं थांबायचं, नाही आलं तर त्याच्याशिवाय काढायचं आणि मागनं आलं की तेच ४:३० चं चित्र परत काढून जुन्यावर टाकायचं. आणि नकाशाच्या कोपऱ्यात प्रत्येक रडारची स्वतःची वेळ वेगवेगळी छापायची. लोकांना ते बघायला आवडत नाही, मला माहितेय, पण काढणार नाही.

आता पोरं म्हणतात की ढगांचा वेग काढून जुनं चित्र पुढं ढकलायचं की, पायस्टेप्ससारख्या लायब्ररीत सगळं तयार आहे. आहे, आणि वळवाच्या दिवसात ते झकास चालतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन तापलं की पूर्वेकडनं उंचच उंच ढग उठतात आणि सरकत येतात, त्यांना पुढं ढकललं तर बरोबर बसतात. पण जुलैमध्ये हेच केलंत तर फसलात. घाटावरचा पाऊस हलत नाही. म्हणजे ढग हलतात, वारं समुद्राकडनं येतच असतं, पण पाऊस तयार होतो तो डोंगराला वारं अडल्यामुळे, त्यामुळे तो तासन्‌तास गगनबावडा, दाजीपूर, राधानगरीच्या माथ्यावरच बसून असतो. वाऱ्याचा वेग लावून त्याला पुढं ढकललंत की तुमच्या नकाशावर पूर्वेकडं सपाटीवरच्या शिरोळला धो धो पाऊस, आणि शिरोळमध्ये लोक कपडे वाळत घालतायत. म्हणून माझ्याकडे ते बटण मे अखेर बंद होतं.

एखादं रडार बंद पडलं तर चित्रात काय दिसतं?

करड्या रेघा. काळं किंवा पांढरं कधीच नाही. "पाऊस नाही" आणि "माहीत नाही" याला एकच रंग देणं हे मोठं पाप आहे आणि ते मी स्वतः केलंय. सुरुवातीच्या वर्षी सर्व्हरवर एक चित्र अडकून बसलं, नाव तेच, चित्र तेच, माझी स्क्रिप्ट इमानदारीत दर दहा मिनिटांनी तेच उचलून वर नवीन वेळ घालत होती. मी पाहुण्यांना फोनवर सांगितलं, जावा बिनधास्त, आभाळ मोकळं आहे. ते भुईबावडा घाटात भिजून चिंब. अजून प्रत्येक लग्नात तो विषय निघतो.

त्यानंतर नियम केला, कुठल्याही रडारची आतली वेळ ३० मिनिटांपेक्षा जुनी झाली की त्याचा भाग करडा. आतली वेळ म्हणजे चित्रावर छापलेली, फाइलची नव्हे. आणि सलग तीन फेऱ्यांत एखाद्या रडारचा हॅश बदलला नाही तर माझ्या फोनवर मेसेज येतो.

गगनबावड्यात पाऊस कोसळतोय, माझा मेहुणा तिथनं व्हिडिओ कॉलवर दाखवतोय, आणि तुमच्या चित्रात नुसती हिरवी भुरभुर. हे कसं काय?

मेहुणा बरोबर आहे. रडारचा बीम, म्हणजे लहरींचा झोत, जवळजवळ सरळ जातो पण पृथ्वी गोल, त्यामुळे जितकं लांब तितका बीम जमिनीपासून वर. सगळ्यात खालचा कोन अर्धा अंश धरला आणि हवेत बीम नेहमीसारखा वाकतोय असं मानलं, तर गोव्याचा बीम कोल्हापूरवर येईपर्यंत रडारच्या पातळीपासून साधारण २.४ किमी वर असतो. मुंबईचा ७ किमीच्या वर. आणि बीम काही दोरीसारखा बारीक नसतो, १ अंशाचा बीम १४० किमीवर जवळजवळ अडीच किमी जाड होतो, २८५ वर ५ किमी.

पावसाळ्यातले घाटावरचे ढग बुटके असतात. बरसतात खाली, आणि त्यांचं जे काय जोरदार चाललेलं असतं ते खालच्या दोन-तीन किमीतच. मुंबईचं रडार त्यांच्या डोक्यावरनं बघतंय, गोव्याचं वरचा भाग बघतंय, आणि त्यात गोव्याहून इकडे येताना मधे घाटमाथा आहे, ७० किमीच्या आसपास बीमचा मध्य जेमतेम ९०० मीटरवर असतो म्हणजे त्याचा खालचा भाग डोंगराला घासणारच. वळीव मात्र दहा-बारा किमी उंच वाढतो, त्यामुळे तो लांबूनसुद्धा दिसतो. म्हणून मे महिन्यात माझं चित्र एकदम हुशार वाटतं आणि जुलैत मठ्ठ. जुलैत कमी रंग बघून "पाऊस कमी आहे" असं म्हणू नका, मेहुण्यालाच विचारा.

दोन्ही रडारना दिसणाऱ्या भागात कोणाचं खरं मानायचं?

सोपा मार्ग म्हणजे ज्याचा आकडा, परत आलेल्या सिग्नलचा जोर, मोठा तो घ्यायचा. पाऊस हुकत नाही हा त्यातला फायदा, पण एका रडारच्या खोट्या खुणा, डोंगराचं परावर्तन वगैरे, सगळं चित्रात उतरतं. वितळणाऱ्या बर्फाचा थर हे अजून एक लफडं, पावसाळ्यात तो साधारण ५ किमीवर असतो, लांबच्या रडारचा बीम त्याला लागला की ओल्या बर्फामुळे आकडा फुगतो, आणि मोठा आकडा घ्यायचा म्हटलं की नेमका तोच निवडला जातो.

दुसरा मार्ग, जवळचं रडार. यात गंमत आहे. कोयना धरण मुंबईपासून साधारण १९० किमी आणि गोव्यापासून २१०. कराड बरोबर उलटं, गोवा २०० च्या आसपास, मुंबई २३०. म्हणजे शिवण नेमकी कोयना आणि कराडच्या मधनं जाते, आणि तिथं चित्रात सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते, एका बाजूला पिवळं, दुसऱ्या बाजूला हिरवं. लोकांना वाटतं पावसाची हद्दच आहे तिथं. त्यामुळे मी दोघांना वजन देऊन मिसळतो, ज्याचा बीम खाली त्याला जास्त वजन, ज्याचं चित्र जुनं त्याचं वजन कमी. डोंगराने बीम किती अडतो याचा नकाशा एकदाच काढून ठेवायचा, तो रोज बदलत नाही.

एक सांगायचं राहिलं, दोन्हीकडनं एकाच जातीचं चित्र घ्या. मॅक्स झेड म्हणजे वरपासून खालपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा आणि पीपीआय म्हणजे एका कोनातलं, या दोघांना जोडणं म्हणजे फूट आणि मीटरची बेरीज.

मुंबईत तर खात्याची दोन रडार आहेत, मग दुप्पट फायदा?

मुंबईला, आपल्याला नाही. कुलाब्याचं एस बँड, म्हणजे साधारण १० सेंमी लहरीचं, आणि वेरावलीचं सी बँड, ५ सेंमीच्या आसपासचं. दोन्ही शेजारी शेजारीच म्हणायची, आपल्यापासून सारखीच लांब. सी बँडचा सिग्नल जोरदार पावसातून जाताना जास्त गळतो, एक्स बँडची लहर त्याहून आखूड, त्याचा तर अजून. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं एक्स बँड रडार वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर बसवलेलं होतं, आपल्यापासून दीडशे किमी, पण ते संशोधनासाठीचं, माझ्या कंपोझिटमध्ये ते नाही.

रंगावरून तासाला किती मिलिमीटर ते कळतं का?

अंदाज कळतो. १९४८ चं मार्शल-पामर सूत्र लावलं तर २३ डीबीझेड (परत आलेल्या सिग्नलच्या जोराचं माप) म्हणजे तासाला १ मिमी, ३९ म्हणजे १० मिमी, ५० म्हणजे जवळजवळ ४९ मिमी. बघा कसं वाढतं. सूत्र एकच नाही, थेंब बारीक की मोठे यावर सगळं बदलतं, आणि घाटातला पाऊस बारीक थेंबांचा, भरपूर संख्येचा, त्यामुळे तिथं हे सूत्र कमीच सांगतं. पर्जन्यमापकाशी ताडल्याशिवाय आकडा छापू नका.

चित्रातून आकडे कसे काढता? मूळ डेटा का नाही वापरत?

मूळ डेटा मिळाला तर नक्की तोच वापरा, पाय-आर्ट आणि डब्ल्यूरॅडलिब या दोन्ही फुकट लायब्ररी आहेत आणि काम लई सोपं होतं. माझ्याकडे चित्रच असतं म्हणून रंगपट्टीवरून उलटं जातो. जिल्ह्यांच्या रेघा, गावांची नावं, गोल रिंगा हे सगळं पिक्सेलवर छापलेलं असतं, ते काढून शेजारच्या पिक्सेलवरून भोक भरावं लागतं. मधे कुठं जेपेगमध्ये सेव्ह केलंत तर रंग मिसळतात आणि खेळ खलास. नंतर प्रत्येक चित्र त्याच्या रडारच्या केंद्रावरून अक्षांश-रेखांशावर बसवायचं, जीडॅल या नकाशाच्या साधनाने होतं ते. आणि हो, चित्रं खात्याची आहेत, वापराच्या अटी वाचा, आणि तुमचं कंपोझिट कुठं दाखवलंत तर हे अधिकृत नाही असं मोठ्या अक्षरात लिहा.

संध्याकाळी पश्चिमेकडे एक सरळ बारीक रेघ दिसते, पाऊस आहे का?

सूर्य आहे. मावळताना अँटेना त्याच्याकडे तोंड करतो तेव्हा त्याच्या रेडिओ लहरी पकडल्या जातात. सकाळी पूर्वेला पण दिसते.

पंचगंगेचं पाणी किती फुटावर जाणार ते यावरून सांगाल का?

नाही, आणि कोणी सांगत असेल तर ऐकू नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, तिथपर्यंत पाणी पोचायला धरणक्षेत्रातला पाऊस, आधीच भिजलेली जमीन, राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कधी उघडतात, खाली कृष्णेत पाणी किती आहे, हे सगळं लागतं. यातलं रडारला दिसतं ते फक्त पहिलं, आणि तेही वर सांगितलं तसं डोक्यावरनं. चिखली-आंबेवाडीकरांनी तर प्रशासनाचा निरोप आला की जनावरं दावणीची सोडून हलवायचीच, माझ्या नकाशाची वाट बघायची नाही.

एवढ्याला मशीन केवढं लागतं?

जुना लॅपटॉप उदंड झाला. हार्ड डिस्क तेवढी बघा, पावसाळाभर दर दहा मिनिटांची चित्रं साठवलीत की एक दिवस ती भरते आणि स्क्रिप्ट गपचूप मरते. मी कंपोझिट ठेवतो आणि कच्ची चित्रं सात दिवसांनी उडवतो.

पुढच्या रविवारी जोतिबाला जायचंय, पाऊस असेल का?

रडार आत्ता हवेत जे आहे ते दाखवतं, त्यावरून फार तर पुढचा तास-दोन तास. रविवारी सकाळी निघायच्या आधी विचारा, आणि छत्री घ्या.